आधी मत, मग लग्न

ऑक्टोबर लागला की रॅरिटन नदीकाठच्या आमच्या गावांत सफरचंदांचा वास सुटायचा, आणि त्याच्या मागोमाग निवडणुकीचा. सफरचंदांचा वास अंगणात तांब्याच्या मोठ्या हंड्यांतून येई. निवडणुकीचा वास खानावळीच्या दारातून येई, कारण उमेदवारांनी फुकट पाजण्यासाठी आंबवलेल्या रसाची पिंपे तिथे आठवडाभर आधीच फोडलेली असत. अमेरिका नुकतीच इंग्रजांपासून स्वतंत्र झालेली; आमच्या न्यू जर्सी राज्याच्या विधिमंडळाची निवडणूक दर वर्षी व्हायची, महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी आणि बुधवारी. माणसे त्या दोन दिवसांची जत्रेसारखी वाट पाहत. कोण कशासाठी उभा आहे, हे विचारणारे मात्र थोडे. कुणाचे पिंप गोड आहे, हे सगळ्यांना ठाऊक!

त्या वर्षी आल्टी स्टूटहॉफच्या अंगणातला हंडा नेहमीपेक्षा मोठा होता. तिचे लग्न ठरले होते. पहिला नवरा हेंड्रिक जाऊन पाच वर्षे झाली होती. त्याने मागे ठेवलेले घर आणि ओढ्याकाठचे कुरण तिने एकटीने नीट सांभाळले होते. आता टूनिस नेव्हियस नावाच्या कारागिराशी, जो गिरण्यांची चाके बनवायचा, ती पुन्हा संसार मांडणार होती. दोघे एकाच ओढ्यात पाय बुडवून लहानाचे मोठे झालेले. टूनिसचीही बायको वारलेली. लग्नाच्या रिवाजाप्रमाणे चर्चमध्ये तीन रविवार दोघांची नावे पुकारून झाली होती. लग्न गुरुवारी, म्हणजे मतदान उरकल्यावर दुसऱ्याच दिवशी.

आल्टी लांब दांड्याच्या लाकडी वल्ह्याने सफरचंदाचा मुरंबा ढवळत होती. शेजारच्या आक्सामावशी बाकावर बसून सफरचंदे सोलत होत्या. आक्सामावशींनी जन्मात लग्न केले नव्हते. गवताच्या टोप्या विणून त्यांनी स्वतःचे घर आणि छोटी बाग उभी केली होती, आणि त्यांची जीभ त्यांच्या सुरीइतकीच धारदार होती.

तेवढ्यात फाटकातून गॅरिट आला. गॅरिट स्टूटहॉफ म्हणजे हेंड्रिकचा थोरला भाऊ, चर्चचा वडीलधारा, गावात वजन असलेला माणूस. त्याच्या एका हातात आल्याचा केक होता आणि दुसऱ्या हातात घडी घातलेला कागद.

"काय गं आल्टी, नवरीबाईचे हात काळे झालेत की!" तो हसत म्हणाला. "हा घे केक. आणि हे तुझं मत. मंगळवारी दहाला गाडी येईल. गीर्टजीआत्या आणि बाकीच्या म्हाताऱ्या असतीलच गाडीत."

"बरं भावजी," आल्टी म्हणाली आणि कागद एप्रनच्या खिशात टाकला. गेली पाच वर्षे हे असेच चालले होते. पन्नास पौंडांची मालमत्ता असलेल्या विधवेला आणि बिनलग्नाच्या बाईला आमच्या राज्यात मत होते. देशात दुसरीकडे कुठेही नव्हते, म्हणून बाहेरगावचे लोक आम्हाला हसत. आल्टीला त्या मताचे फारसे काही वाटत नसे. गाडीतून फिरून यायचे, कागद द्यायचा, चार बायका भेटायच्या. तेवढाच विरंगुळा.

गॅरिट गेल्यावर आक्सामावशींनी विचारले, "कुणाचं नाव लिहिलंय त्यात?"

"असेल कुणाचं तरी. भावजींना कळतं."

"तुला वाचता येतं ना?"

"येतं की."

"मग डोळे काय मुरंब्यात घालायला ठेवलेत?"

आल्टीने हसत कागद उघडला. "ड्यूमॉन. आपला गिरणीवाला."

"हं!" मावशींनी सुरी खाली ठेवली. "तो विधिमंडळात कशासाठी चाललाय, माहितीये? ओढ्याच्या तोंडाशी या काठापासून त्या काठापर्यंत बांध घालायचाय त्याला. त्यासाठी कायदा लागतो. तो कायदा तो स्वतःच जाऊन करणार. बांध झाला की वसंतात समुद्रातून शॅड मासा वर येणार कुठून?"

आल्टीचे वल्हे थांबले. शॅड मासे! एप्रिलमध्ये ओढा रुपेरी होऊन जायचा. गावातली पोरेसोरे, म्हाताऱ्या, मजुरीवर जगणारी माणसे, सगळी गुडघाभर पाण्यात जाळी घेऊन उभी. ज्यांच्या घरी गाय नाही, डुक्कर नाही, त्यांच्याही माळ्यावर खारवलेल्या माशाचे पिंप असायचे. हेंड्रिक आजारी होता त्या वर्षी तिचे घर त्या पिंपावरच तरले होते.

"आणि दुसरा कोण उभा आहे?"

"हेगमन. खालच्या वाडीचा. बोलायला लागला की लोक झोपतात. पण बांधाला त्याचा विरोध आहे, एवढं मी त्याच्या तोंडून ऐकलंय."

"मला हे कुणी सांगितलंच नाही," आल्टी हळूच म्हणाली.

"तू विचारलंस कधी? अगं, गेली पाच वर्षं तू मत दिलंच नाहीस. गॅरिटनं दोनदा दिलं. एकदा स्वतःच्या हातानं, एकदा तुझ्या." मावशींनी पुन्हा सुरी उचलली, मग जरा थांबून म्हणाल्या, "आणि आणखी एक लक्षात घे पोरी. गुरुवारी तू टूनिसची बायको होणार. कायद्यानं तुझं घर त्याचं, कुरण त्याचं, आणि मालमत्ता नाही म्हणजे मत नाही. या मंगळवारी जे देशील, ते तुझं शेवटचं मत. ते तरी तुझं असू दे!"

मुरंबा तळाला लागला. आल्टीच्या ते लक्षातही आले नाही.

रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर तिने गॅरिटला तो कागद परत दिला. "भावजी, या खेपेला मी माझा कागद मी लिहीन म्हणते."

गॅरिटला आधी गंमत वाटली. "काय लिहिणार? मुरंब्याची कृती?"

"हेगमनचं नाव."

गॅरिटचे हसू मावळले. पण चारचौघांत आवाज चढवणारा माणूस नव्हता तो. त्याने टोपी सारखी केली, "बरं, बरं," म्हणाला आणि सरळ दोमिनींच्या खोलीकडे चालू लागला. दोमिनी म्हणजे आमच्या चर्चचे धर्मगुरू. भोळा माणूस, कुणालाही नाही म्हणता येत नसे.

सोमवारी सकाळी टूनिस उड्या मारतच आल्टीच्या अंगणात आला. चाळिशीचा, दाढीत लाकडाचा भुसा अडकलेला माणूस, पण चेहरा लहान मुलासारखा फुललेला.

"आल्टी, गुरुवारपर्यंत थांबायचं कारण नाही! उद्याच लग्न! सकाळी नऊला! गॅरिटदादांनी सगळं ठरवलंय. गाव उद्या तसंही खानावळीत जमणार, मग मेजवानी तिथंच. ड्यूमॉनसाहेबांनी दोन पिंपं जादा द्यायचं कबूल केलंय. दोमिनी तयार आहेत. निरोप गेलेसुद्धा!"

 गॅरिटचा डाव आल्टीला लख्ख दिसला. नऊला लग्न, दहाला मतदान सुरू. मधल्या एका तासात विधवेची बायको झाली की मत आपोआप बुडाले.

"टूनिस," ती म्हणाली, "उद्या लग्न झालं तर मला मत देता येणार नाही."

"मग काय झालं? मी आहे ना. माझं मत तेच आपलं मत."

"तू कुणाला देणार?"

"ड्यूमॉनला. बांध झाला तर नवी गिरणी होईल, तिचं चाक मलाच करायला सांगितलंय. अगं, असलं काम जन्मात एकदा मिळतं! सोळा फुटी चाक!"

"आणि मी हेगमनला देणार आहे. म्हणजे ते आपलं मत कसं रे?"

 कुंपणापलीकडून आक्सामावशींचा आवाज आला. "बरोबर विचारतेय ती! उत्तर दे की!"

"मावशी, तुम्ही मध्ये पडू नका!" टूनिसचा चेहरा लाल झाला होता. "आल्टी, लोक काय म्हणतील? नवरीनं मताच्या कागदासाठी नवऱ्याला टांगून ठेवलं! माझ्यापेक्षा तुला मासे प्यारे?"

"टूनिस, ठरल्याप्रमाणे गुरुवारपर्यंत थांब. दोनच दिवस. मी तुला नाही म्हणत नाहीये."

"गावभर निरोप गेलेत." त्याने टोपी डोक्यावर दाबली. "उद्या नऊला मी चर्चच्या दारात उभा असेन. यायचं तर ये." आणि तो मागे न बघता निघून गेला.

आल्टीच्या डोळ्यांत पाणी आले. आक्सामावशी कुंपणाशी आल्या. आता त्यांचा आवाज मऊ होता.

"मी तुला काही सांगणार नाही. टूनिस चांगला माणूस आहे. असा माणूस पुन्हा मिळत नाही, आणि गेलेलं मतही परत मिळत नाही. तू ठरव."

"मावशी, एका मतानं काय होतंय?"

"एवढंसंच असतं, तर गॅरिटनं त्याच्यासाठी अख्खं लग्न हलवलं असतं का गं?"

मंगळवारची सकाळ स्वच्छ उजाडली. मेपलची झाडे लालबुंद झाली होती. आल्टीने लग्नाचा निळा पोशाख घातला, पांढरी टोपी बांधली आणि टेबलाशी बसून, जीभ दातांत धरून, एका कागदावर हेगमनचे नाव लिहिले. मोठ्या, वाकड्या अक्षरांत. ते अक्षर बघून तिला उगीचच हसू आले. पाच वर्षांत पहिल्यांदा ती त्या दिवसासाठी काही करत होती.

ती एकटीच चालत निघाली. वाटेत जुन्या ओकपाशी रस्ता फुटतो. डावीकडे चर्च, उजवीकडे खानावळ. तिथे ती थांबली. चर्चची घंटा वाजू लागली होती. डावीकडे वळावे तर मत गेले. उजवीकडे वळावे तर टूनिस गेला. लहानपणी ओढ्यात ती वाहून चालली होती, तेव्हा वेणी धरून तिला बाहेर खेचणारा टूनिस!

तिने पदरचे सगळे धैर्य गोळा केले आणि उजवीकडे पाऊल टाकले.

"आल्टी!"

चर्चच्या बाजूने एक गाडी धडधडत येत होती. घोड्याच्या कानांना फिती, गाडीला जांभळी रानफुले. आणि लगाम धरून, लग्नाच्या कोटात, टूनिस!  तो आता काय बोलणार?

गाडी थांबली.  टूनिसने सरकून शेजारी जागा केली.

"चढ."

"कुठे जायचंय?"

"खानावळीत. मत द्यायचंय ना तुला?"

 टूनिस म्हणाला, "मघाशी चर्चच्या दारात गॅरिटदादांनी माझ्या पाठीवर थाप मारली. म्हणाले, 'शाबास टूनिस! तुझ्यामुळे हेगमनचं एक मत बुडालं.' आल्टी, मला वाटलं होतं ते माझ्या आनंदासाठी धावपळ करताहेत! मी तिथं लग्न करायला उभा होतो की बांध घालायला?" त्याने नाक ओढले. "मी मत ड्यूमॉनलाच देणार, हे आधीच सांगतो. चाक मला हवंय. पण तुझं मत बुडवून मिळालेलं चाक नको. तुझं तू दे, माझं मी देतो. मग लग्न करू. चालेल?"

"चालेल!" आल्टी म्हणाली आणि एका उडीत गाडीत चढली. लग्नाच्या पोशाखाचा घेर चाकात अडकून टर्रकन फाटला आणि दोघेही पोट धरून हसत सुटले.

नवरा पळाला म्हणून त्याला शोधायला चर्चमधले वऱ्हाड निघाले होते. सगळ्यांत पुढे दोमिनी, हातात प्रार्थनेचे पुस्तक, मागे पाहुणे. नवरा-नवरीची गाडी खानावळीकडे चाललेली पाहून अख्खी वरात तिकडेच वळली. असे वऱ्हाड आमच्या गावाने पुन्हा पाहिले नाही!

खानावळीत पोहोचेपर्यंत दहा वाजून गेले होते. मोठ्या खोलीत मतदानाचे पंच बसले होते, समोर मतपेटी. नुकतीच गॅरिटची गाडीही येऊन पोहोचली होती, आणि गीर्टजीआत्या दोन म्हाताऱ्या मैत्रिणींसह काठी टेकत आत येत होत्या. आल्टीने कागद पुढे केला. वऱ्हाडाबरोबर धावत आलेला गॅरिट दारातूनच ओरडला, "थांबा! तिला मत नाही! ती लग्न झालेली बाई आहे!"

मुख्य पंचांनी चष्मा वर केला. "केव्हा झालं लग्न?"

"आज! नऊ वाजता!"

"झालं?" टूनिस पुढे झाला. "कमालच आहे! नवरा मी, आणि मला पत्ताच नाही!"

खोली हशाने भरून गेली. पंचांनी दोमिनींकडे पाहिले. दोमिनी धापा टाकत होते. त्यांनी एकदा गॅरिटकडे पाहिले, एकदा आल्टीच्या फाटलेल्या घेराकडे, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या भोळ्या माणसाने गॅरिटला नाही म्हटले.

"मी अजून पुस्तकसुद्धा उघडलेलं नाही," ते म्हणाले. "ही बाई यावेळी विधवा आहे. पूर्णपणे विधवा!"

पुन्हा हशा. पंचांनी मोठ्याने पुकारले, "आल्टी स्टूटहॉफ, विधवा!" आणि तिचा कागद पेटीत पडला. आल्टीला वाटले, त्याचा आवाज आला. कागदाचा कसला आवाज येणार? पण तिला आला.

लगेच टूनिसने आपला कागद दिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे सांगितले, "माझं मत ड्यूमॉनला!"

"अरे मग फिटलं की दोघांचं!" कुणीतरी खिदळले. "दोघांनी घरीच बसायचं होतं!"

"फिटलं कसं?" टूनिस म्हणाला. "कालपर्यंत आमच्या दोघांचं मिळून दादांचंच मत पडणार होतं. आज आमची दोन पडली!"

हे सगळे गीर्टजीआत्या काठीवर हनुवटी टेकून ऐकत होत्या. ऐंशीच्या घरातल्या, गॅरिटच्या सख्ख्या आत्या. त्यांनी आपल्या हातातला घडीचा कागद उलटसुलट केला.

"गॅरिट, यात कुणाचं नाव आहे रे?"

"आत्या, तुला काय करायचंय? टाक पेटीत."

"मला काय करायचंय?" आत्यांचा आवाज चढला. "ढुंगण धुवायलासुद्धा मीच शिकवलं तुला, आणि मलाच विचारतोस मला काय करायचंय?" त्यांनी कागदाचे दोन तुकडे केले. "आक्सा! लेखणी आण गं! बांध म्हणजे काय ते नीट सांग, आणि मग मी काय ते ठरवते!"

काय गलका झाला! खिडकीपाशी आक्सामावशी बसल्या. बायका पुढे आल्या, विधवा, बिनलग्नाच्या, आणि त्यांच्या मागून संकोचत काही पुरुषही, ज्यांनी दोन पेल्यांच्या बदल्यात कागद घेतला होता. मावशी प्रत्येकाला बांध सांगत, मासा सांगत, आणि नवी गिरणी झाली तर दळण लवकर मिळेल, हेही प्रामाणिकपणे सांगत. कुणी हेगमन लिहिले, कुणी ड्यूमॉन. गीर्टजीआत्यांच्या मैत्रिणीने सगळे ऐकून घेऊन ड्यूमॉनच लिहायला सांगितला, कारण त्याच्या आईने एकदा तिला पावासाठी खमीर दिले होते. आक्सामावशींनी कपाळावर हात मारला, पण लिहिला ड्यूमॉनच. "मत तिचं आहे," त्या म्हणाल्या.

गॅरिट भिंतीशी उभा होता. ड्यूमॉनच्या फुकटच्या पिंपाकडे त्या वेळी कुणाचे लक्ष नव्हते.  मग तो आल्टीपाशी आला. त्याची मान खाली होती.

"आल्टी, मी तुझं वाईट करत नव्हतो गं. मला वाटायचं, तुम्हा बायकांची कटकट मी वाचवतोय."

"ठाऊक आहे, भावजी. पण तुम्ही आमचं ओझं म्हणून जे उचलत होता ना, ते ओझं नव्हतं. आमच्या हातातलं होतं ते."

गॅरिटने मान हलवली. "चल," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "तुला चर्चपर्यंत मीच सोडतो. हेंड्रिकच्या घरचा वडील म्हणून तुझा हात मीच द्यायचा ना?"

"चर्च कशाला?" दोमिनी उत्साहाने म्हणाले. एकदा नाही म्हणायला जमल्यापासून ते भलतेच धीट झाले होते. "सगळे इथं आहेत. देवही असेलच!"

आणि खानावळीच्या अंगणात, पिवळ्या पानांच्या सड्यात, फाटलेल्या घेराची आल्टी आणि दाढीत भुसा असलेला टूनिस यांचे लग्न लागले. आल्टीचा मुरंबा, तळलेले गोड गोळे, डुकराचे भाजलेले मांस. दोन्ही बाजूंचे मतदार एकाच टेबलाशी जेवले. सारंगीवर नाच झाला, आणि गीर्टजीआत्या मुख्य पंचांबरोबर नाचल्या!

मोजणी झाली तेव्हा हेगमन निवडून आला. टूनिसचे सोळा फुटी चाक गेले. आठवडाभर तो खट्टू होता, पण दार आपटले नाही की टोमणा मारला नाही. पुढे ड्यूमॉनने ओढा न अडवता, बाजूला पाट काढून लहान गिरणी बांधली आणि तिचे बारा फुटी चाक टूनिसनेच केले.

आल्टीने पुन्हा कधी मत दिले नाही. तिला ते नव्हतेच. आणि काही वर्षांनी राज्याने कायदा बदलला. विधवांचे गेले, बिनलग्नाच्या बायकांचे गेले, काळ्या वर्णाच्या माणसांचेही गेले. आक्सामावशी त्या ऑक्टोबरात मतदानाचे दोन्ही दिवस दार लावून बसल्या होत्या, असे म्हणतात. मात्र टूनिसच्या घरात दर निवडणुकीला एक रीत पडून गेली. तो निघाला की आल्टी दारात उभी राहायची आणि विचारायची, "कुणाला देणार? आणि का?" त्या 'का'चे उत्तर पटेपर्यंत वाट सोडायची नाही. कधी कधी तास जायचा. कधी टूनिस आपले मत बदलायचा, तर कधी आल्टी स्वतःचे. बाहेर गाडीवाला ओरडत असायचा आणि आत ही दोघे मक्याच्या लापशीवर राज्याचा कारभार चालवत असायची.

वाचकहो, मत मागायला येणाऱ्याच्या हातात केक असेल, गाडी असेल, नात्याचा गोडवाही असेल. ते सगळे खुशाल घ्यावे, पण मत त्याच्या हाती देऊ नये. ज्यांच्याकडे ते आहे, त्यांनी दुसऱ्याने घडी घालून दिलेला कागद न वाचता पेटीत टाकणे, हा ज्यांच्याकडे ते नाही त्यांचा अपमान आहे. मतदानाला निघताना आपल्या दारात कुणी आल्टी उभी नसली, तर आपणच क्षणभर उंबऱ्यावर थांबावे आणि स्वतःला विचारावे: का?